खूण, हेतू आणि अर्थ : कपींचे अंगविक्षेप आणि साहित्यमीमांसा

१

विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये हेतुविषयक तर्कदोषाची मांडणी केली, तेव्हापासून लेखकाचा हेतू हा अर्थनिर्णयनाचा आधार मानण्याची प्रथा समीक्षाव्यवहारात संशयास्पद ठरली. बार्थने १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली आणि अर्थाचे अधिष्ठान लेखकाकडून वाचकाकडे, संहितेकडून संहितांच्या जाळ्याकडे सरकविले. पुढील काही दशकांत हेतूविषयी बोलणे हे सैद्धान्तिक मागासलेपणाचे लक्षण मानले जाऊ लागले. याच काळात एका वेगळ्याच ज्ञानशाखेत मात्र नेमके उलट घडत होते. चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान या कपींच्या अंगविक्षेपांचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळून आले की, हेतूचा निकष लावल्याखेरीज चिन्ह आणि चिन्ह नसलेली हालचाल यांत भेदच करता येत नाही. साहित्यशास्त्राने ज्या संकल्पनेला दाराबाहेर काढले, तिलाच प्राणिवर्तनशास्त्राने उंबरठ्यावर पहाऱ्याला बसविले.

हा योगायोग केवळ गंमतीचा नाही. चिन्हव्यवस्था हेतूविना चालते, असे सॉस्यूरोत्तर विचाराचे एक गृहीत आहे. ते गृहीत मानवी भाषेच्या पूर्ण विकसित रूपावर, विशेषतः लिखित रूपावर, बेतलेले आहे. लिहिणारा अनुपस्थित असतानाही लेखन अर्थवाही राहते, म्हणून हेतू अर्थाला अनावश्यक, असा हा युक्तिवाद आहे. परंतु जेथे लेखन नाही, शब्द नाही, आणि चिन्ह करणारा व पाहणारा एकमेकांसमोर उभे आहेत, अशा प्रारंभिक अवस्थेतील चिन्हांना हे गृहीत लागू पडते काय? कपींच्या खुणांचा अभ्यास हा प्रश्न टाळू देत नाही.

२

चिंपांझी अंग खाजवतो तेव्हा पाहणाऱ्याला त्यावरून काही कळू शकते. पण ती खूण नव्हे. खूण ठरण्यासाठी काही गोष्टी दिसाव्या लागतात. समोरच्याचे लक्ष आपल्याकडे आहे की नाही याची दखल घेतली जाते. तो पाहत नसेल तर केवळ डोळ्यांना दिसणारी खूण टाळून स्पर्शाची खूण योजली जाते. खूण केल्यावर प्राणी थांबतो, वाट पाहतो. प्रतिसाद मिळाला नाही तर खूण पुन्हा करतो किंवा बदलतो. कार्टमिल आणि बर्न यांनी २००७ मध्ये बंदिवासातील ओरांगउटानांविषयी प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. हवा असलेला खाऊ माणसाने अर्धाच दिला, तर ओरांगउटान आधीच्याच खुणा पुन्हा करीत. भलताच पदार्थ पुढे केला, तर त्या खुणा सोडून देऊन वेगळ्या खुणा योजीत. आपले म्हणणे अर्धवट पोचले की मुळीच पोचले नाही, हा भेद त्यांच्या वागण्यात उमटत होता. येथे हेतू हे मनाच्या तळघरातील गूढ नाही. तो वर्तनाच्या रचनेत, खुणांच्या पुनरावृत्तीत आणि दुरुस्तीत वाचता येतो.

या खुणा येतात कोठून, याविषयी अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत. मायकेल टोमासेलो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून बंदिवासातील चिंपांझींचे दीर्घकाळ निरीक्षण करून असा सिद्धान्त मांडला की, खूण ही झिजलेली कृती असते. पिल्लाला आईच्या पाठीवर चढायचे असते, म्हणून ते तिची पाठ खाली ओढते. पुढे आई सुरुवातीच्या स्पर्शावरूनच पुढचे ओळखून पाठ वाकविते. मग पिल्लू ओढत नाही, नुसता हात लावते आणि वाट पाहते. कृतीचा आरंभ तेवढा उरतो आणि तोच संपूर्ण कृतीचा प्रतिनिधी होतो. दोघांतील व्यवहाराच्या पुनरावृत्तीतून, व्यक्तीच्या आयुष्यातच, कृतीचे असे विधीकरण होते. खेळाचे आमंत्रण देताना हात उगारणे हेही असेच, मारण्याच्या कृतीचा आरंभ तेवढा राखून घडलेले, असे टोमासेलोचे प्रतिपादन आहे.

या मांडणीला पूर्वसूरी आहेत. विगोत्स्कीने लहान मुलाच्या बोट दाखविण्याचे मूळ अयशस्वी पकडीत शोधले होते: मूल वस्तूकडे हात नेते, तो पोचत नाही, आई त्या हाताचा अर्थ लावते आणि वस्तू आणून देते, मग तो हात वस्तूसाठी नव्हे, आईसाठी पुढे होऊ लागतो. जॉर्ज हर्बर्ट मीडनेही कृतीचा आरंभ हाच दुसऱ्याच्या प्रतिसादाला चेतविणारा संकेत ठरतो, असे म्हटले होते. त्याची ही व्याख्याने १९३४ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर ग्रंथरूप झाली. या तिन्ही ठिकाणी एक विचार समान आहे. अर्थ प्रथम पाहणाऱ्याकडे जन्मतो आणि करणारा तो मागाहून आत्मसात करतो. हेतूचा पुरस्कार करणाऱ्या परंपरेच्या मुळाशीच वाचकाचे अग्रहक्क नोंदले गेले आहेत, ही बाब लेखक आणि वाचक यांपैकी एकाचीच निवड करू पाहणाऱ्या सिद्धान्तांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील रिचर्ड बर्न, कॅथरिन होबेटर आणि त्यांचे सहकारी यांचे मत याच्या विरुद्ध आहे. युगांडातील बुडोंगो अरण्यात सोन्सो समुदायाच्या रानटी चिंपांझींचा अभ्यास करून त्यांनी २०११ मध्ये ६६ प्रकारच्या खुणांची नोंद प्रसिद्ध केली. प्रत्येक जोडीने आपापल्या खुणा स्वतंत्रपणे घडविल्या असत्या, तर त्यांत एकेकाच्या खासगी खुणांचे प्रमाण मोठे असावयास हवे होते. आणि जी खूण एकजण दुसऱ्याला करतो ती दुसऱ्याने पहिल्याला करण्याचे कारण नव्हते. प्रत्यक्षात खासगी खुणा आढळल्या नाहीत. समुदायासमुदायांतच नव्हे, तर चिंपांझी आणि बोनोबो या भिन्न जातींतही खुणांचा मोठा भाग समान निघाला. यावरून खुणांचा संच बव्हंशी जातिगत वारसा आहे, व्यक्ती त्यातून निवड करते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

तिसरा पर्याय अनुकरणाचा. टोमासेलोच्या गटाने एका चिंपांझीला खाऊ मिळविण्यासाठी एक कृत्रिम खूण शिकवून त्याला पुन्हा कळपात सोडले; इतरांनी ती पाहिली, पण कोणी उचलली नाही. तरीही परंपरेचा पर्याय पूर्णतः निकालात निघत नाही. तोशिसादा निशिदाने १९८० मध्ये टांझानियातील महाले येथील चिंपांझींची पान कुरतडण्याची खूण वर्णिली. दातांनी पान सशब्द फाडले जाते, खाल्ले जात नाही. महाले येथे ही खूण मुख्यतः प्रणयाराधनासाठी होते. गिनीतील बोसू येथे ती खेळाच्या संदर्भात आढळली, तर आयव्हरी कोस्टमधील ताई अरण्यात नरांच्या झाडाच्या मुळांवर थापा मारण्याच्या आधी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बुडोंगोतील शेजारशेजारच्या दोन समुदायांतही पान फाडण्याच्या पद्धतीबाबत भिन्न कल दिसून आला. एकच चिन्हक, पण स्थळानुसार चिन्हित वेगळे: यादृच्छिकतेची अस्पष्ट का होईना, पण ही चाहूल आहे.

मराठीत 'संकेत' हा शब्द इशारा आणि रूढी या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. उपरोक्त वाद या दोन अर्थांमधील अंतराचाच वाद आहे. इशारा रूढी केव्हा होतो? टोमासेलोच्या मते दोघांच्या सहवासात. बर्नच्या मते जातीच्या दीर्घ इतिहासात. पानाच्या उदाहरणावरून पाहता समुदायाच्या सवयीत. साहित्यातील संकेतव्यूहांच्या उत्पत्तीविषयी जे तीन पक्ष मांडले जातात, म्हणजे कवी आणि रसिक यांच्यातील विशिष्ट करार, मानवी मनाची सार्वत्रिक घडण आणि परंपरा, त्यांचेच हे प्राथमिक रूप होय. कोणताही एक पक्ष सर्व पुरावा सामावून घेत नाही, हे दोन्हीकडे सारखेच खरे आहे.

३

खुणांचा उगम हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी त्यांचा अर्थ ठरवायचा कसा? होबेटर आणि बर्न यांनी २०१४ मध्ये यासाठी जी पद्धत वापरली ती साहित्यमीमांसेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. खूण केल्यानंतर समोरच्याने असे काय केले की त्यामुळे खूण करणारा थांबला, हे पाहायचे. ज्या प्रतिसादाने त्याचे समाधान झाले, तो प्रतिसाद हाच खुणेचा अर्थ. ही कसोटी असंख्य प्रसंगांना लावून त्यांनी ६६ खुणांच्या संचासाठी १९ अर्थ निश्चित केले: थांब, दूर हो, जवळ ये, माझ्या पाठीवर चढ, केस विंचर, ते मला दे, असे. काही खुणांचा अर्थ काटेकोर, काहींचा सैल आहे. अनेक खुणा एकाच अर्थासाठी वापरल्या जातात.

भारतीय शब्दमीमांसेशी परिचय असलेल्याला ही पद्धत नवी वाटणार नाही. मूल भाषा कसे शिकते याचे मीमांसकांनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. एक वडीलधारा दुसऱ्याला गाय आणण्यास सांगतो. दुसरा गाय आणतो. जवळ उभे असलेले मूल ते पाहते. पुढे गाय बांधण्यास, घोडा आणण्यास सांगितले जाते आणि कृती बदलते. शब्दांची अदलाबदल आणि कृतींची अदलाबदल यांच्या अन्वय-व्यतिरेकावरून मूल एकेका शब्दाचा अर्थ वेगळा करते. या वृद्धव्यवहारात अर्थ ऐकणाऱ्याच्या कृतीवरून वाचला जातो. बुडोंगोच्या अरण्यात कॅमेरा घेऊन बसलेला संशोधक त्या मुलाच्याच जागी आहे. मम्मटाने काव्यप्रकाशाच्या पाचव्या उल्लासात व्यंजनेची सिद्धी करताना या प्रसंगाची चर्चा केली आहे, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. कारण या पद्धतीत काय सापडते यापेक्षा काय निसटते, हा तेथेही कळीचा मुद्दा होता.

प्राभाकर मीमांसकांनी वृद्धव्यवहारावरून एक टोकाचा निष्कर्ष काढला. अर्थबोध आज्ञा आणि तिचे पालन यांतूनच होत असल्यामुळे शब्द कार्याशी अन्वित अर्थच सांगतो. नुसत्या वस्तुस्थितीचे कथन करणे हे त्याचे मूळ सामर्थ्य नव्हे. कपींच्या खुणांविषयी काढला जाणारा प्रचलित निष्कर्ष याहून फारसा वेगळा नाही. कपी केवळ मागणी करतात, आज्ञा करतात. माहिती देण्यासाठी, अनुभवात दुसऱ्याला सहभागी करून घेण्यासाठी ते खूण करीत नाहीत. मानवी मूल मात्र वर्षाच्या आसपास नुसते दाखविण्यासाठी बोट दाखवू लागते आणि येथेच मानव वेगळा होतो, असे टोमासेलोने २००८ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले. भेद मोठा आहे यात संशय नाही. परंतु अर्थनिश्चितीची कसोटीच प्रतिसादात्मक कृती असेल, तर तिच्या जाळ्यात मागण्याच सापडणार हे उघड आहे. ज्या खुणेला कोणतीही कृती अपेक्षित नाही, तिचे समाधान कशात झाले हे या कसोटीला दिसूच शकत नाही. येथे निष्कर्षाचा काही भाग पद्धतीनेच आधी ठरविलेला आहे.

प्राभाकरांना नैयायिक व वेदान्ती यांनी जे उत्तर दिले, ते येथेही लागू पडते. पुत्र झाल्याची वार्ता ऐकून पिता कोणतीही कृती करीत नाही. त्याचा चेहरा उजळतो. पाहणारा त्या चेहऱ्यावरून हर्षाचे आणि हर्षावरून वार्तेच्या आशयाचे अनुमान करतो. म्हणजे अर्थाचा प्रत्यय कृतीतच यावा असे नाही. तो ऐकणाऱ्याच्या भावात येऊ शकतो. साहित्यव्यवहाराचा सारा डोलारा याच शक्यतेवर उभा आहे. काव्य ऐकून रसिक गाय आणावयास जात नाही. जो अर्थ कृतीत संपत नाही त्याचाच साहित्याशी संबंध आहे, आणि रससिद्धान्ताने या न संपण्याचीच मीमांसा केली.

४

मग कपींच्या खुणांत असे कृतीत न संपणारे काही आहे काय? दोन उदाहरणे विचारात घेण्यासारखी आहेत.

पहिले खेळाचे. ग्रेगरी बेटसनने १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील फ्लाइशहॅकर प्राणिसंग्रहालयात दोन माकडांचा लुटुपुटीचा झगडा पाहिला आणि त्यावरून १९५५ च्या निबंधात असा विचार मांडला की, खेळणारे प्राणी 'हा खेळ आहे' असे एकमेकांना सांगत असलेच पाहिजेत. खेळातील हलका चावा हा चाव्याचे चिन्ह असतो. पण चाव्याने जे सूचित झाले असते ते त्याने सूचित होत नाही. कपींचा उगारलेला हात हा याच जातीचा आहे. त्यात प्रहार आहे आणि प्रहाराचा निषेधही आहे. 'माझ्याशी खेळ' एवढा अर्थ नोंदवून कसोटी थांबते. पण त्या खुणेच्या आत असलेला 'हे खरे नाही' हा भाग मागणी नव्हे. ती पुढील सर्व कृतींकडे कोणत्या दृष्टीने पाहावे याची सूचना आहे. कथात्म साहित्याचा वाचकाशी होणारा पहिला करार याहून निराळा नाही.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. जोआन टॅनर आणि रिचर्ड बर्न यांनी १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को प्राणिसंग्रहालयातील एका गोरिला मादीचे निरीक्षण प्रसिद्ध केले. खेळाच्या ऊर्मीत गोरिलाचा चेहरा विशिष्ट प्रकारे खुलतो. ते अनैच्छिक असते. ही मादी तसा चेहरा होताच हाताने तो झाकून घेत असे. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर, चेहऱ्यावर उमटले ते सात्त्विकाच्या जवळचे, आवरता न येणारे. आणि हात हा आंगिक, हवा तसा योजता येणारा. येथे एक चिन्ह दुसऱ्या चिन्हावर ठेवले गेले आहे. अभ्यासकांनी शीर्षकात प्रश्नचिन्ह ठेवूनच यात दुसऱ्याच्या दृष्टीची जाण असावी काय, असे विचारले आहे आणि तो संयम योग्यच आहे. तथापि एवढे निश्चित म्हणता येते की, चेहरा केवळ व्यक्त करतो तर हात व्यक्त होण्याचे नियमन करतो. व्यक्त होणे आणि व्यक्त होण्यावर ताबा असणे यांतील अंतर हे अभिव्यक्ती आणि कला यांतील अंतराचे पहिले माप आहे.

मम्मटाने आर्थी व्यंजनेला साहाय्यभूत ठरणाऱ्या घटकांत वक्ता, श्रोता, काकू, प्रस्ताव, देश, काल यांबरोबर चेष्टेचाही अंतर्भाव केला. चेष्टा ही शब्दाची जागा घेणारी दुय्यम भाषा नसून अर्थ वळविणारी शक्ती आहे, असा त्याचा आशय. कपींच्या अभ्यासाने चेष्टेच्या वाच्यार्थाचा कोश सिद्ध केला, ही त्याची मोठी कामगिरी. वळविण्याच्या शक्तीचा विचार मात्र त्या कोशात बसत नाही.

५

कपींना मानवी खुणा शिकविण्याचे जे प्रयोग झाले, त्यांचा इतिहास या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवितो. गार्डनर दांपत्याने १९६६ पासून वॉशू या चिंपांझी मादीला बधिरांची अमेरिकन खूणभाषा शिकविली. हर्बर्ट टेरेसने १९७३ मध्ये जन्मलेल्या निमवर तसाच प्रयोग केला आणि १९७९ मध्ये जाहीर केले की, निमच्या खुणांत वाक्यरचना नाही. त्यांतील मोठा भाग शिक्षकांनी नुकत्याच केलेल्या खुणांचे अनुकरण आहे. या निर्णयानंतर कपींच्या भाषेविषयीचा उत्साह ओसरला. परंतु अनुकरण हे कपीच्या उणिवेचे लक्षण ठरविताना, अनुकरणाखेरीज दुसरे काही करण्याची मुभा त्या शिकवणीत किती होती, हा प्रश्न मागे राहिला.

तो प्रश्न काफ्काने १९१७ मध्येच विचारून ठेवला होता. 'अकादमीला सादर केलेला अहवाल' या कथेतील कपी माणसांपुढे आपल्या रूपान्तराचा वृत्तान्त मांडतो. तो प्रथम शिकला ते हस्तांदोलन. मग थुंकणे, पाइप ओढणे, दारूची बाटली रिती करणे; शब्द त्यानंतर आला. माणसांचे अनुकरण करण्याची त्याला ओढ नव्हती. पिंजऱ्यातून सुटण्याची वाट हवी होती, म्हणून त्याने अनुकरण केले. ही कथा बहुधा संस्कृतीकरणाचे किंवा समाजात सामावून जाण्याचे रूपक म्हणून वाचली जाते. खुणांच्या अंगाने वाचली असता तिच्यात एक निराळी गोष्ट दिसते. हस्तांदोलन येथे मोकळेपणाचे चिन्ह आहे. पण ते करणारा बंदिवान आहे. खूण बिनचूक, प्रतिसाद समाधानकारक, आणि तरीही तिच्या मागील हेतू तिच्या अर्थाच्या नेमका उलट. होबेटर आणि बर्न यांची कसोटी या हस्तांदोलनाला लावली तर अर्थ चुकीचा निघणार नाही, अपुरा निघेल. हेतूला वगळणाऱ्या समीक्षेला तर ही कथा वाचताच येणार नाही, कारण तिचा सारा उपरोध खूण आणि हेतू यांच्यातील फटीत आहे.

६

हेतूच्या पुनःस्थापनेचा अर्थ लेखकाच्या चरित्राची पुनःस्थापना असा घेण्याचे कारण नाही. ग्राइसने १९५७ मध्ये दाखविल्याप्रमाणे, अर्थ अभिप्रेत असणे म्हणजे समोरच्याने आपला हेतू ओळखावा असा हेतू असणे. हा हेतू लेखकाच्या पत्रांत वा आठवणींत शोधावयाचा नसतो. तो चिन्हाच्या घडणीतच समोरच्याला दिलेला असतो. ओरांगउटान आपली खूण बदलतो तेव्हा बदलात हेतू दिसतो. कवी एक शब्द टाळून दुसरा योजतो तेव्हा निवडीत दिसतो. विमसॅट आणि बिअर्डस्ली यांचा आक्षेप पहिल्या, संहितेबाहेरील हेतूवर होता. उत्तरकालीन सिद्धान्तकारांनी तो दुसऱ्यावरही ताणला, आणि तेथे तो टिकत नाही.

दुसरीकडे, हेतूच सर्व काही ठरवितो असेही कपींचा पुरावा म्हणू देत नाही. कर्स्टी ग्रॅहम आणि कॅथरिन होबेटर यांनी २०२३ मध्ये चिंपांझी व बोनोबो यांच्या नेहमीच्या दहा खुणांच्या चित्रफिती साडेपाच हजारांहून अधिक माणसांना दाखविल्या आणि चार पर्यायांतून अर्थ निवडण्यास सांगितले. निव्वळ अंदाजाने पंचवीस टक्के उत्तरे बरोबर आली असती. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक आली. एक ते दोन वर्षांची मानवी मुले ज्या खुणा करतात त्यांतील बहुतेक कपींच्या संचातही आहेत, हे त्याआधीच दिसून आले होते. या आकलनामागे समान वारसा आहे, की शरीरांच्या सारखेपणामुळे येणारी अनुमानशक्ती, हे अद्याप निश्चित व्हावयाचे आहे. कारण कोणतेही असो, वाचक येथे कोरा नाही. ज्या देहातून खूण निघते तशाच देहात तो राहतो. करणाऱ्याचा हेतू पोचतो तो पाहणाऱ्याच्या या पूर्वसिद्धतेमुळे.

या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे साहित्यमीमांसेपुढील प्रश्नाचे स्वरूप बदलते. लेखक की वाचक, हा विकल्प पूर्ण भाषेच्या, छापील संहितेच्या पातळीवर निर्माण झालेला आहे. खुणेच्या पातळीवर तो संभवत नाही. तेथे हेतू आणि ओळख ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत आणि एक काढून घेतले तर दुसरे हालचाल किंवा भास एवढेच उरते. लेखनाने या दोन टोकांत काळ आणि अंतर घातले, ती दोरी तोडली नाही. साहित्याचे वेगळेपण हेतूच्या अभावात शोधण्याऐवजी, समाधान झाल्यावरही जी खूण थांबत नाही तिच्यात शोधणे अधिक फलदायी ठरेल. पिल्लाचा हात आईने पाठ वाकविली की खाली येतो. कवितेचा हात तसा खाली येत नाही. आणि तो का येत नाही याचा उलगडा, तो कोणाचा हात आहे व कोणापुढे केला आहे हे विचारल्याशिवाय होणार नाही.